आभाचा गंधार

आमच्या पाटबंधारे कार्यालयात सुमेधा पुराणिक माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. पूर्वी तिचा आवाज खालच्या मजल्यावरच्या आवक-जावकपर्यंत पोचायचा. शिपायाला हाक मारायला तिला खुर्चीतून उठावं लागत नसे. मग एका पावसाळ्यानंतर तिनं बोलणंच कमी केलं. अगदी मौन धरलं असं नाही. कामापुरतं बोलायची, पण घशाच्या तळातून, जाड, सर्दी झालेल्या माणसासारखं. नव्यानं लागलेल्या मुलांना वाटायचं, मॅडमचा आवाजच असा आहे. मला ठाऊक होतं, तो तिचा आवाज नव्हता. स्वतःचा आवाज तिनं लपवून ठेवला होता, आणि त्याचं कारण तिची बहीण होती.

सुमेधा आणि आभा जुळ्या. वडील यवतमाळच्या दिवाणी न्यायालयात नाझर होते. चेहऱ्यानं दोघी चुलत बहिणीसुद्धा वाटल्या नसत्या. सुमेधा वडिलांसारखी रुंद, सावळी. आभा किडकिडीत, गोरी, सतत हसणारी. आवाज मात्र एक. फोनवर वडीलसुद्धा विचारायचे, "कोण बोलतेस, सुमी की आभी?" भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या पोरी घरोघरी जाऊन गाणी म्हणायच्या, मग डबा वाजवून आतली खिरापत ओळखायला लावायच्या. पुराणिकांच्या घरी आणखी एक खेळ चाले. दोघींपैकी एक दाराआड उभी राहून गायची आणि बाकीच्यांनी ओळखायचं, कोण? सगळे चुकायचे. एक आई, इंदुताई, कधी चुकली नाही.

ती म्हणायची, "सुमी गंधारावर नीट पाय ठेवते, पायरी उतरल्यासारखा. आभी मध्यमावरून घसरत येते."

एवढाच काय तो फरक होता. मध्यमावरून गंधारावर येताना आभा मधली सगळी जागा अंगाला लावून यायची. तिनं ते शिकलं नव्हतं, मुद्दाम करतही नव्हती.

आभाचं लग्न नेरला झालं. नवरा अभिषेक तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. मुलगी सुरभी. सुमेधानं लग्न केलं नाही. वडील गेल्यावर ती आणि आई, दोघीच यवतमाळच्या घरात राहत होत्या. नेर काही लांब नाही, एसटीनं गेलं की जेवायला परत. त्यामुळे बहिणींचं येणं-जाणं सारखं असे.

पोळ्यानंतर आभाला ताप भरला. डेंग्यू निघाला. नेरहून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर असं करत करत आठवड्याच्या आत ती गेली. सुरभी तेव्हा नववीत होती.

तेरावं झाल्यावर सुमेधा काही दिवस नेरलाच राहिली. घरात स्वयंपाक कोण करणार? एका सकाळी ती ओट्याशी उभी होती. सुरभी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. भांडी घासणाऱ्या चंदाबाई मागच्या अंगणात होत्या. सुमेधानं नेहमीसारखी हाक मारली, "सुरभे, दूध निवलं गं!"

अंगणात पातेलं पडल्याचा आवाज झाला. गच्चीच्या जिन्यावरून सुरभी अनवाणी धावत खाली आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. तिनं मावशीला पाहिलं. त्या एका क्षणात त्या पोरीच्या तोंडावरून काय काय उतरलं, ते सुमेधा मला आजही पूर्ण सांगू शकत नाही. सुरभीनं पुढे होऊन पेला उचलला आणि भिंतीकडे तोंड करून दूध प्यायली.

ती वर गेल्यावर चंदाबाई ओले हात पदराला पुसत आत आल्या. "माय वो," त्या म्हणाल्या, "मले वाटलं ताईच बोलून राह्यल्या. बाई, तुमी अशा हाका नका मारत जाऊ. लेकराचा जीव जाते."

यवतमाळला परतल्यावर सुमेधा रोज नेरला फोन करायची. अभिषेक फोन उचलायचा, ती "हॅलो" म्हणायची, आणि पलीकडून काही क्षण नुसता श्वास ऐकू यायचा. शेवटी एक दिवस तो म्हणाला, "ताई, रागवू नका. तुम्ही मेसेजच करत जा. तुमचं हॅलो ऐकलं की पुढचं मला काही समजत नाही."

सुमेधा मेसेज करू लागली. रागावली नाही. पण त्या दिवसापासून ती बोलताना स्वतःचा आवाज ऐकू लागली, आणि ऐकलेलं तिला सोसवेना.

तरी इथवर ते फक्त दुःख होतं. पुढे जे झालं ते निराळं.

रविवारची दुपार होती. इंदुताई आतल्या खोलीत पडल्या होत्या. सुमेधा बाहेर मेथी निवडत बसली होती आणि नकळत लहानपणीचं भुलाबाईचं गाणं गुणगुणत होती. आतून आईची हाक आली, "आभे, पंखा कमी कर गं."

सुमेधाचा हात मेथीतच राहिला. इंदुताईंचं वय झालं असलं तरी डोकं शाबूत होतं. वर्तमानपत्र वाचायच्या, भाजीवाल्याला बोल लावायच्या. आभा गेली हे त्यांना कोणी नव्यानं सांगायला नको होतं. आणि त्या कधी चुकल्या नव्हत्या.

सुमेधा आत गेली. पंखा कमी केला. आई उठून बसली होती.

"तूच गात होतीस?"

"हो."

"पण ते तर..." इंदुताईंनी वाक्य सोडून दिलं आणि चष्मा शोधू लागल्या. चष्मा डोळ्यांवरच होता.

त्यानंतर सुमेधानं दार लावून तीच ओळ म्हणून पाहिली. पुन्हा पुन्हा म्हटली. गंधार सरळ लागत होता, पायरीवर पाय ठेवल्यासारखा, तिचा स्वतःचा. घसरण काही केल्या येईना. दुसऱ्या आठवड्यात भांडी लावताना ती आपोआप आली. सुमेधानं ताट खाली ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिली.

"साधना, ती माझ्या गळ्यात कुठे बसलीय कळत नाही," एकदा डबा खाताना ती मला म्हणाली. "मी बोलावलं तर येत नाही. मी विसरले की येते."

मी तिच्या डब्यात लोणचं वाढलं. त्याच सुमाराला तिनं गाणं, गुणगुणणं सगळं बंद केलं आणि तो जाड आवाज काढायला लागली.

हिवाळ्यात आमच्या जीपच्या ड्रायव्हरचा, फुलसिंगचा, निरोप समारंभ झाला. हार, नारळ, भाषणं झाल्यावर त्यानं खिशातून माउथ ऑर्गन काढला आणि जुनी गाणी वाजवली. सगळे टाळ्यांचा ठेका धरत होते. सुमेधा मात्र फुलसिंगच्या तोंडाकडे टक लावून बसली होती. नंतर चहा घेताना मला म्हणाली, "हा आवाज कोणाचा गं?"

"फुलसिंगचा. दुसऱ्या कोणाचा?"

"नाही. गळा कुठंय त्याला? श्वास त्याचा आहे, आवाज त्याचा नाही. कोणाचाच नाही."

महिनाभरात तिनं माउथ ऑर्गन मागवला. फुलसिंगकडचा साधा होता, त्यावर सगळे सूर निघत नाहीत. हिनं क्रोमॅटिक घेतला. त्याच्या उजव्या कडेला एक बटण असतं. ते दाबलं की प्रत्येक सूर अर्धा चढतो, त्यामुळे कोमल-तीव्र सगळे मिळतात. वडिलांच्या पेटीवर दोघी बहिणी पांढरी पाचमध्ये गायच्या, म्हणून तिनं त्याच पट्टीचा निवडला. मला वाटलं, बरं झालं. गाता येत नाही तर वाजवेल तरी.

पण त्या बाजाच्या पोटात आणखी काहीतरी होतं. आत पितळेच्या पत्त्या असतात, त्या श्वासानं थरथरतात आणि सूर देतात. भलत्या पत्तीतून हवा निसटू नये म्हणून एकेका फटीवर प्लास्टिकची बारीक पट्टी चिकटवलेली असते. व्हॉल्व्ह म्हणतात तिला. आमच्याकडे थंडीत सकाळी धातू गार पडतो, श्वासाची वाफ त्यावर धरते आणि ती पट्टी ओलाव्यानं चिकटून बसते. मग फुंकलं की आधी पट्टी सुटते, "च्" असा आवाज होतो, आणि त्यानंतर सूर येतो.

आभाला बोलण्याआधी जीभ टाळ्याला लावून तसंच "च्" करायची सवय होती. मी स्वतः ऐकलेलं आहे. ती आली की आधी "च्" आणि मग "अगं साधना, काय सांगू तुला."

"मी वाजवायला घेते," सुमेधा म्हणाली, "आणि ती बोलायला तोंड उघडते. मग काही बोलतच नाही."

हे सांगताना तिचे डोळे कोरडे होते. आठवडाभर ती नीट झोपलेली दिसत नव्हती. बाजा डब्यात घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवला होता, तरी सकाळी त्या खोलीत जायला तिला नको वाटे.

माझी नणंद वणीला असते. तिच्या दातांचे डॉक्टर, नयन कोठेकर, माउथ ऑर्गन वाजवतात आणि दुरुस्तही करतात हे मला तिच्याकडून कळलं. एका रविवारी मी सुमेधाला घेऊन वणीला गेले. तिनं अट घातली होती, बोलायचं मी. करंजी, मारेगाव करत बस पोचली तेव्हा ऊन वर आलं होतं. वणीत शिरताना कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती आणि रस्त्याकडेची कडुनिंबाची झाडं करड्या रंगाची झाली होती.

डॉक्टर पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, मास्क हनुवटीखाली ओढलेला. रविवार असल्यामुळे पेशंट नव्हते. त्यांनी बाजा उघडला, भिंग लावून पाहिलं आणि हसले.

"चिकटणारच. थंडीत सगळ्यांच्याच चिकटते. म्या तर माझ्या बाजाचे व्हॉल्व्ह काढूनच टाकले."

मी विचारलं, "त्याशिवाय वाजतो?"

"वाजते ना. हवा जास्त लागते, दम थोडा लवकर भरते. सूर जरा फुसफुसते. पण फायदा मोठा आहे." त्यांनी झाकण बाजूला करून दाखवलं. "हे पाहा. प्रत्येक भोकाचं एक घर, त्यात दोन पत्त्या. एक फुंकीची, एक ओढीची, म्हंजे श्वास आत घ्यायची. व्हॉल्व्ह असला की एका वेळी एकच पत्ती श्वास घेते, दुसरीचं दार बंद. व्हॉल्व्ह काढला की दोघींची दारं उघडी. मंग वरच्या सुराची पत्ती खालच्या सुराकडे वाकवता येते. तुटक नाही, सलग."

"घसरतो सूर?"

हे मी विचारलं नव्हतं. सुमेधा बोलली होती, आणि तिच्या खऱ्या आवाजात. कितीतरी दिवसांनी तो आवाज मी ऐकत होते.

"घसरते," डॉक्टर म्हणाले. "मींड म्हणा ना. तुमाले काय वाजवायचं आहे?"

सुमेधानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मध्यमावरून गंधारावर यायचंय."

डॉक्टरांनी आपला एक बाजा स्पिरिटनं पुसून तिच्या हातात दिला. त्यात व्हॉल्व्ह नव्हते, सुरांची जुळणी मात्र नेहमीचीच होती. सुमेधानं मध्यम ओढला आणि वाकवायचा प्रयत्न केला. सूर जरासा कलला आणि अडला. कितीही जोर केला तरी पुढे सरकेना.

"जाणारच नाही," डॉक्टर म्हणाले. "नेहमीच्या जुळणीत गंधार आणि मध्यम एकाच घरात राहते. फुंकला की गंधार, ओढला की मध्यम. दोघांत अंतर अर्ध्या सुराचं. घसरायले जागाच नाही. दुसरे सूर घसरतील, हा नाही घसरायचा."

मग त्यांनी खणातून दुसरा बाजा काढला. त्याची जुळणी त्यांनी स्वतः बदलली होती. त्यात प्रत्येक घरातला ओढीचा सूर फुंकीच्या सुरापेक्षा पूर्ण एका सुरानं वर होता. मध्यमाच्या घरात खाली शुद्ध गंधाराऐवजी कोमल गंधार होता. त्यामुळे मधे शुद्ध गंधाराची जागा मोकळी राहिली होती.

"मध्यम ओढा आणि वाकवा, शुद्ध गंधारावर येऊन थांबते. आणि तोच गंधार सरळ पाहिजे असल तर त्याच घरात बटण दाबून फुंका. एक घर, गंधार एकच, यायच्या वाटा दोन." ते सांगत होते. "पण मॅडम, हे सोपं नाही. इथं तुमचं शिकलेलं सगळं वाया जाते. कोणताच सूर जुन्या जागी नाही. दोन घरं संगं फुंकली तर कानाला गोड लागत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक जण पाहून परत ठेवते."

सुमेधानं बाजा तोंडाला लावला. आधी नुसता घुसमटलेला आवाज आला.

"घशानं नका खेचू. 'ई' म्हणता म्हणता 'ओ' म्हणावं ना, तशी जीभ मागं न्या."

तिनं डोळे मिटले. मध्यम लागला. मग तो खाली यायला लागला, हळू, मधली सगळी जागा अंगाला लावत, आणि गंधारावर येऊन टेकला. दवाखान्यात दुसरा आवाज नव्हता. मी आभाला फार वेळा गाताना ऐकलेलं नाही, पण माझ्या हातांवर काटा आला. पितळेच्या तुकड्यातून, व्हॉल्व्ह नसल्यामुळे थोडी हवा मिसळलेला, ताप उतरलेल्या माणसाचा असतो तसा थकलेला आवाज. सुमेधाचा नव्हता तो.

तिनं बाजा खाली ठेवला. चिमटे आणि आरसे ठेवायच्या ट्रेमध्ये ठेवला, कारण समोर तेवढंच होतं.

"हे नको," ती म्हणाली. पुन्हा जाड आवाजात.

डॉक्टरांनी सुमेधाच्या बाजाचे व्हॉल्व्ह काढून दिले, जुळणी तशीच ठेवली. "च्" आवाज आता येणार नव्हता. ज्यासाठी गेलो होतो ते झालं होतं. बसमध्ये सुमेधा खिडकीकडे तोंड करून बसली. मारेगाव मागे पडल्यावर म्हणाली, "तिथं होती ती."

"अगं, पत्ती आहे ती."

"माहीत आहे मला पत्ती आहे ते." मग करंजी आल्यावर, "आपणच वाट करून द्यायची का तिला? आणि आली, आणि गेलीच नाही तर?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरभी यवतमाळला आली. दहावीचे जादा वर्ग सुरू व्हायला अवकाश होता. दुपारी आजी झोपली की ती मावशीजवळ येऊन बसायची, फोनमध्ये डोकं घालून. सुमेधानं सुट्टी घेतली होती. अशाच एका दुपारी कूलरच्या आवाजात सुरभी म्हणाली, "मावशी, आईचे व्हॉइस मेसेज मी सगळे जपून ठेवलेत."

"बरं केलंस."

"पण एकातही माझं नाव नाही. सगळ्यांत 'अगं' म्हणते. अगं दूध आण, अगं बाबांना सांग. शोधून शोधून ऐकले. एकदाही सुरभे म्हटलं नाही तिनं."

सुमेधानं तिच्या फोनकडे पाहिलं.

"तू म्हण ना एकदा. ती म्हणायची तसं."

"मला नाही गं येत."

"येतं तुला." पोरीचा आवाज चढला. "तू मुद्दामच जाड आवाजात बोलून राह्यली. मले काय समजत नाही का? बाबा घाबरते तुझ्या आवाजाले, आजी घाबरते, तू सोता घाबरते. मी नाही घाबरत. मी त्या दिवशी घाबरून नव्हती आली पळत. मी खुश होऊन आली होती."

सुमेधा उठली आणि कूलरमध्ये पाणी घालायला गेली. बादलीमागून बादली ओतत राहिली. कूलर केव्हाच भरला होता. पाणी फरशीवरून वाहत सुरभीच्या पायापर्यंत आलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं. दोघींनी मिळून फरशी पुसली.

सुरभी नेरला गेली त्याच दिवशी सुमेधानं वणीला फोन केला. या वेळी स्वतः बोलली. "डॉक्टर, मी पुराणिक. तुमची ती दुसरी जुळणी. माझ्या बाजाची तशी करून द्याल?"

काम बरेच दिवस चाललं. पत्ती टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. फार उतरवायचा असेल तिथं टोकावर डाखाचा, म्हणजे सोल्डरचा, थेंब द्यावा लागतो. डॉक्टर पेशंट सांभाळून करत होते. त्यांनी तिला एकदाच विचारलं, "पक्कं ना? मागं फिरवायचं म्हटलं तर पत्त्या खराब होतील." ती म्हणाली, "पक्कं."

बाजा हातात आल्यावर तिला सगळं मुळापासून शिकावं लागलं. सा कुठे, पंचम कुठे, काही सापडेना. हवा लवकर संपायची, ओळीच्या मधेच थांबून श्वास घ्यावा लागायचा. ऑफिसमधून आली की ती बसायची. सुरुवातीला इंदुताई आपल्या खोलीचं दार लावून घ्यायच्या. एका संध्याकाळी वाजवणं संपल्यावर दार किलकिलं झालं आणि आई म्हणाली, "चालू दे गं. मी आतच आहे." त्यानंतर दार उघडं राहू लागलं.

मी विचारलं, "भीती वाटत नाही आता?"

"वाटते ना. पण आता ती केव्हा येणार ते मला माहीत असतं. मी ओढते तेव्हा येते." मग म्हणाली, "बहुतेक वेळा."

आभाचं वर्षश्राद्ध झालं त्यानंतरच्या रविवारी ती नेरला बाजा घेऊन गेली. मलाही तिनं सोबत नेलं होतं. दुपारचा चहा मंद गॅसवर ठेवला होता. अभिषेक व्हरांड्यात उत्तरपत्रिका तपासत होता, सुरभी पायरीवर बसली होती, चंदाबाई मागे भांडी घासत होत्या. कोणाला काही न सांगता सुमेधानं बाजा काढला आणि ते भुलाबाईचं गाणं वाजवायला घेतलं. पहिल्यांदा सगळं सरळ, गंधारासाठी बटण दाबून. आम्ही ऐकत होतो. दुसऱ्या वेळी तिनं बटण दाबलं नाही. मध्यम ओढला आणि खाली आणला.

अभिषेकचं पेन थांबलं. तो उठला, घरामागं गेला, आणि नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. अंगणात भांड्यांचाही आवाज बंद झाला होता.

सुरभी म्हणाली, "पुन्हा."

सुमेधानं पुन्हा वाजवलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा वाजवताना सुमेधाचा श्वास तुटला आणि सूर मधेच विरला. सुरभी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. पाठ हलत होती. मला वाटलं, आता हे थांबवावं. मी पुढे होणार तेवढ्यात तिनं डोकं वर केलं. डोळे लाल होते, पण ती हसत होती.

"मावशी, अगदी आईसारखं आहे. पण आई नाहीये हे. आई असती तर मधेच थांबून मला काहीतरी काम सांगितलं असतं."

तेवढ्यात आतून चहा उतू गेल्याचा वास आला. सुमेधानं काही विचार केला नाही. "सुरभे! आधण उतू चाललंय, पळ!" ती ओरडली, मोकळ्या गळ्यानं, ऑफिसात पूर्वी ओरडायची तशी.

सुरभी उठली. दारात एक क्षण पाठमोरी थांबली, आणि मग आत जाऊन तिनं गॅस बंद केला.

निघताना अभिषेक बसस्टँडपर्यंत आला. बस लागली होती. तो म्हणाला, "ताई, मेसेज नका करू आता. फोन करत जा." आणि सुमेधानं "बरं" म्हटलं तेव्हा त्यानं मान खाली घातली, पण कान तिकडेच होता.

ऑफिसात आता तिचा आवाज पुन्हा खालच्या मजल्यापर्यंत जातो. नवीन मुलं दचकली, मग सवय झाली. सुरभी अकरावीला यवतमाळला आली आहे, मावशीकडेच राहते. घर तसं ठीक चाललं आहे, असं म्हणता येईल.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. बटण दाबून फुंकलेला गंधार घसरू शकत नाही. ती त्या घरातली खालच्या सुराची पत्ती आहे, तिला खाली वाकायला वाट नाही. डॉक्टरांनी हे मला पत्ती दाखवून समजावलं आहे. सुमेधा म्हणते, तरी कधी कधी तो घसरतो. ती सरळ वाजवत असते, बटण दाबलेलं असतं, आणि सूर मध्यमाकडून येतो. मी तिला भास म्हटलं असतं. पण गेल्या महिन्यात मी तिच्याकडे बसले असताना मीही ते ऐकलं, आणि माझं लक्ष तिच्या बोटाकडे होतं. बोट बटणावरच होतं. इंदुताई आत वर्तमानपत्र वाचत होत्या. पान उलटल्याचा आवाज थांबला. सुरभी क्लासला गेली होती.

सध्या मध्यमाची पत्ती थोडी उतरली आहे. सर्वांत जास्त तीच वाकवली जाते, त्यामुळे धातू थकतो. डॉक्टर म्हणाले, एक दिवस तुटेल; त्याआधी आणा, नवी बसवून देतो, आवाज अगदी कोरा येईल. सुमेधा "येते" म्हणाली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. अजून ती वणीला गेलेली नाही.